मॉर्फिनला मेंदूचं प्रत्युत्तर

तेलातुपाचं जेवण पोटात गेलं, की लहान आतड्याच्या अस्तरातून एक संप्रेरक रक्तात सुटतं. त्याचा निरोप मिळाला की पित्ताशय आकसतं आणि पित्त आतड्यात उतरतं. १९२८ साली शिकागोत आयव्ही आणि ओल्डबर्ग या दोघांनी हे दाखवून दिलं आणि त्या संप्रेरकाचं नाव ठेवलं कोलेसिस्टोकायनिन. एवढं लांब नाव रोज कोण घेणार? प्रयोगशाळांत त्याला ‘सीसीके’ म्हणतात. पुढची जवळपास पन्नास वर्षं हा रेणू पोटविकारांच्या अभ्यासकांकडेच राहिला. १९७५ मध्ये ब्रुसेल्सच्या व्हान्डरहेगेन यांना त्याच घराण्यातलं काहीतरी सस्तन प्राण्यांच्या मेंदूत सापडलं. ते आठ अमिनो आम्लांचं सीसीकेच होतं, आणि थोडंथोडकं नव्हतं. मेंदूच्या बाह्यपटलात जी पेप्टाइडं भरपूर आढळतात, त्यांत त्याचा क्रमांक वरचा लागतो.

पित्ताशय आकसवणाऱ्या रेणूचं डोक्यात काय काम? भूक, भीती, स्मरण अशी अनेक उत्तरं पुढे आली. त्यातलं सर्वांत अनपेक्षित उत्तर १९८३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात छापून आलं: सीसीके मॉर्फिनचं वेदनाशमन मोडून काढतं.

हे अनपेक्षित का होतं, ते समजण्यासाठी दहा वर्षं मागे जायला हवं. अफूच्या चिकातून मॉर्फिन वेगळं काढलं ते जर्मनीतल्या फ्रीडरिश झेर्ट्युर्नर या तरुण औषधविक्याने, एकोणिसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला. पण ते मेंदूत नेमकं कुठे बसतं हे कळायला १९७३ उजाडलं. त्या वर्षी बाल्टिमोरला कँडेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर, न्यूयॉर्कला एरिक सायमन आणि स्वीडनमधल्या उप्सालाला लार्स टेरेनियस यांनी आपापल्या प्रयोगशाळेत अफूचे ग्राही, म्हणजे रिसेप्टर, दाखवले. पेशीच्या पृष्ठभागावरचं हे प्रथिन. ठराविक आकाराचा रेणू त्यात बसला की पेशीच्या आतला कारभार बदलतो. आता प्रश्न असा पडला की, खसखशीच्या बोंडातल्या रसायनासाठी प्राण्यांच्या मेंदूने जागा कशाला राखून ठेवली असेल? शरीर स्वतःच तसलं काहीतरी बनवत असणार.

ते ‘काहीतरी’ स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनला सापडलं. तिथे हान्स कोस्टरलिट्झ हे हिटलरच्या राजवटीतून निसटून आलेले वयस्क प्राध्यापक होते आणि जॉन ह्यूझ हे त्यांचे तरुण सहकारी. त्यांची चाचणी जुन्या वळणाची आणि फार सुंदर होती. गिनीपिगच्या आतड्याचा तुकडा द्रवात टांगायचा आणि त्याला विजेचे हलके झटके द्यायचे. तो आकसत राहतो. मॉर्फिन घातलं की आकसणं मंदावतं. मॉर्फिनवरचा उतारा असलेलं नॅलॉक्सोन घातलं की पूर्ववत होतं. ह्यूझ यांनी कत्तलखान्यातून आणलेल्या डुकरांच्या मेंदूंचा अर्क घातला, तेव्हाही आकसणं मंदावलं, आणि नॅलॉक्सोनने ते पुन्हा सुरू झालं. १९७५ च्या डिसेंबरात त्या अर्कातल्या दोन पेप्टाइडांची रचना प्रसिद्ध झाली. दोन्ही पाच-पाच अमिनो आम्लांची, शेवटचं एक वगळता सारखी. ही एन्केफॅलिनं. पाठोपाठ उंटाच्या पियुषिका ग्रंथीतून एकतीस अमिनो आम्लांचं बीटा-एन्डॉर्फिन निघालं. उंटच का, तर ते काढणाऱ्या चो हाओ ली यांना खरं म्हणजे मेदाशी संबंधित दुसरंच संप्रेरक हवं होतं! १९७९ मध्ये अ‍ॅव्हराम गोल्डस्टीन यांनी डायनॉर्फिनची ओळख करून दिली.

एन्डॉर्फिन हा शब्द त्यानंतर वर्तमानपत्रांत गेला आणि तिथून व्यायामशाळांच्या जाहिरातींत. लोकांच्या मनात चित्र पक्कं झालं: शरीराकडे स्वतःची अफू आहे, ती सुटली की बरं वाटतं. हे चित्र चुकीचं नाही, पण अर्धं आहे. शरीराकडे स्वतःच्या अफूवरचा उताराही आहे, आणि औषधशास्त्राच्या दृष्टीने मला तो भाग जास्त महत्त्वाचा वाटतो.

१९८३ च्या त्या प्रयोगाकडे परत येतो. उंदराला वेदना कमी झाली की नाही हे त्याला विचारता येत नाही. म्हणून १९४१ पासून एक साधी चाचणी वापरात आहे: शेपटीवर उष्ण प्रकाशझोत टाकायचा आणि उंदीर किती सेकंदांनी शेपटी झटकतो ते मोजायचं. मॉर्फिन दिलेला उंदीर उशिरा झटकतो. फॅरिस आणि सहकाऱ्यांनी मॉर्फिनसोबत सीसीके दिलं, तेव्हा हा उशीर घटला. पुढच्या पंजांना विजेचे झटके बसले की उंदराच्या शरीरातली स्वतःची अफू सुटते आणि शेपटी बधिर होते. तो बधिरपणाही सीसीकेने कमी केला. मागच्या पंजांना झटके दिले तरी बधिरपणा येतो, पण तो अफूच्या ग्राहींमार्फत येत नाही. त्याच्यावर सीसीकेचा काहीच परिणाम दिसला नाही. म्हणजे सीसीके सरसकट वेदना वाढवत नव्हतं. ते फक्त अफूच्या वाटेवर आडवं येत होतं.

पुढच्याच वर्षी लिंडा वॉटकिन्स, किनशेक आणि डेव्हिड मेयर यांनी उलट बाजूने पाहिलं. युरोपात जठराच्या अल्सरवर प्रोग्लुमाइड नावाचं औषध वापरलं जाई. ते सीसीकेच्या ग्राहींवर बसून त्याचं काम अडवतं. त्यांनी उंदरांना मॉर्फिनबरोबर प्रोग्लुमाइड दिलं, तर मॉर्फिनचा परिणाम वाढला. मॉर्फिन घेऊन घेऊन ज्यांच्यावर त्याचा असर उरला नव्हता, त्या उंदरांवर तो पुन्हा दिसू लागला. अल्सरच्या एका साध्या औषधाने अंगवळणी पडलेलं मॉर्फिन परत कामाला लागावं, ही गोष्ट सहज पचणारी नव्हती.

कारण तोवर मॉर्फिन अंगवळणी पडण्याचं, ज्याला डॉक्टर ‘टॉलरन्स’ म्हणतात त्याचं, स्पष्टीकरण पेशीच्या आतच शोधलं जात होतं. त्यातलं बरंचसं आजही खरं आहे. ग्राहीत मॉर्फिन वारंवार बसलं की पेशी त्या ग्राहीला फॉस्फेट चिकटवते, मग अरेस्टिन नावाचं प्रथिन त्याला धरतं आणि ग्राही सुस्तावतो किंवा पेशीच्या आत ओढला जातो. १९७५ मध्ये शर्मा, क्ली आणि निरेनबर्ग यांनी आणखी एक गोष्ट दाखवली होती. मॉर्फिन पेशीतलं एक विकर दाबतं. काही काळाने पेशी त्या विकराचं काम वाढवून हिशेब बरोबर करते. एकाच पेशीत, बशीत वाढवलेल्या पेशीतसुद्धा, हे घडतं. त्यासाठी मेंदू लागत नाही, शेजारची पेशी लागत नाही.

सीसीकेच्या प्रयोगांनी सांगितलं की याच्या जोडीला दुसरंही काही घडतं, आणि ते पेशींच्या जाळ्यात घडतं. मॉर्फिनचा दाब सतत राहिला की मज्जासंस्था विरोधी पेप्टाइडांचा पुरवठा वाढवते. ही रस्सीखेच आहे. एका बाजूला औषधाने माणसं वाढवली की दुसऱ्या बाजूलाही माणसं येऊन उभी राहतात आणि दोर जागचा हलत नाही. औषध एकदम थांबलं, तर दुसऱ्या बाजूची फौज तशीच असते आणि दोर तिकडे झपकन ओढला जातो. व्यसनी माणसाचं मॉर्फिन तुटल्यावर होणारा त्रास मॉर्फिनच्या परिणामांच्या बरोबर उलट असतो: बद्धकोष्ठाऐवजी जुलाब, बारीक बाहुल्यांऐवजी विस्फारलेल्या, गुंगीऐवजी तळमळ, बधिरपणाऐवजी अंग ठणकणं.

पण मेंदूने वेदनाशमनाला विरोध करावाच कशासाठी? याचं सर्वांत चांगलं उत्तर मला १९९२ च्या एका प्रयोगात दिसतं. एरिक विएर्टेलॅक, स्टीव्हन मायर आणि लिंडा वॉटकिन्स यांनी तो कोलोरॅडोत केला. उंदरांना शिकवलं गेलं की एक ठरावीक खूण दिसली म्हणजे आता झटका बसणार नाही, धोका टळला. मग त्यांना मॉर्फिन दिलं आणि ती खूण दाखवली. मॉर्फिनचा परिणाम नाहीसा झाला. औषध अंगात होतं, थेट मज्जारज्जूत सोडलं होतं तरीसुद्धा. मज्जारज्जूत सीसीकेचा रोधक सोडला, तेव्हा खूण दिसूनही मॉर्फिन काम करत राहिलं. ‘तू सुरक्षित आहेस’ या निरोपाने मज्जारज्जूत सीसीके सुटत होतं आणि वेदनेचं दार पुन्हा उघडत होतं.

जंगलातल्या प्राण्याच्या बाजूने पाहिलं तर यात शहाणपण आहे. वाघ मागे लागलेला असताना पायाची जखम दुखून उपयोग नाही; तेव्हा शरीराची अफू सुटते. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर हेन्री बीचर या अमेरिकन डॉक्टरने नोंदवलं होतं की, गंभीर जखमी सैनिकांपैकी बहुतेकांनी विचारल्यावरही वेदनाशामक नको म्हटलं. पण बिळात परतल्यावर जखम दुखलीच पाहिजे. दुखली नाही तर प्राणी त्या पायावर उड्या मारेल, ती चाटणार नाही, पडून राहणार नाही. वेदना बंद करणारी यंत्रणा जेवढी जिवाला गरजेची, तेवढीच ती परत सुरू करणारीही. मॉर्फिन पहिलीच्या जागी घुसतं आणि दुसरी त्याला शरीराच्याच अफूसारखी वागणूक देते.

हा विरोध मेंदूत कुठे उभा राहतो याचाही बराच पत्ता लागला आहे. मेंदूच्या देठात, मज्जारज्जूच्या जरा वर, चेतापेशींचा एक छोटा भाग आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या हॉवर्ड फील्ड्स आणि सहकाऱ्यांनी तिथे दोन प्रकारच्या पेशी ओळखल्या. एक प्रकार शेपटी झटकण्याच्या क्षणाआधी जोरात पेटतो आणि वेदनेला वाट देतो. दुसरा नेमका त्याच वेळी गप्प होतो, आणि तो गप्प नसतो तेव्हा वेदना अडवून धरतो. मॉर्फिन दुसऱ्या प्रकाराला चालू ठेवतं. सीसीके तिथे सोडलं की मॉर्फिनला हे जमत नाही. अ‍ॅरिझोनात फ्रँक पोरेका यांच्या गटाला पुढे असंही दिसलं की, उंदरांना सतत मॉर्फिन देत राहिलं तर याच भागातल्या सीसीकेमुळे वरून खाली वेदना वाढवणारे संदेश जाऊ लागतात आणि मज्जारज्जूत डायनॉर्फिन वाढतं. डायनॉर्फिन म्हणजे शरीराच्या अफूपैकीच एक! पण वाढलेल्या प्रमाणात ते मज्जारज्जूत वेदना कमी करण्याऐवजी वाढवतं. अशा उंदरांना साधा स्पर्शही टोचू लागतो. दीर्घकाळ मोठ्या मात्रेत अफूवर्गीय औषधं घेणाऱ्या काही रुग्णांत जे दिसतं, दुखणं वाढलं म्हणून मात्रा वाढवावी तर दुखणं आणखी पसरतं, त्याच्याशी याचं साम्य आहे.

सीसीके एकटं नाही. १९८५ मध्ये गाईच्या मेंदूतून आणखी एक आठ अमिनो आम्लांचं पेप्टाइड मिळालं. गंमत अशी की, ज्या प्रतिपिंडाने ते सापडलं तो शिंपल्यातल्या एका पेप्टाइडासाठी बनवलेला होता. ते पेप्टाइड शिंपल्याच्या हृदयाचे ठोके वाढवतं. गाईच्या मेंदूतल्या त्याच्या नातेवाइकाला आज न्यूरोपेप्टाइड एफएफ म्हणतात. उंदराच्या मेंदूत सोडलं की ते मॉर्फिनचा परिणाम घटवतं. मॉर्फिनची सवय लावलेल्या उंदरात तर मॉर्फिन चालू असताना ‘तुटल्याची’ लक्षणं उभी करतं. मात्र तेच पेप्टाइड मज्जारज्जूत सोडलं तर मॉर्फिनला साथ देतं. १९९५ मध्ये तुलूझ आणि बाझेल इथल्या दोन गटांना एकाच वेळी नॉसिसेप्टिन सापडलं. त्याचा ग्राही अफूच्या ग्राहींचा सख्खा भाऊ, आणि तरी मॉर्फिन त्यात बसत नाही. उंदरांच्या मेंदूत हे पेप्टाइडही अफूच्या विरोधात जातं, मज्जारज्जूत मात्र वेदना शमवतं.

त्यामुळे ‘अफूविरोधी पेप्टाइड’ हे बिरुद जपून वापरावं. पेप्टाइड काय करेल हे ते कुठे सुटतं यावर ठरतं. प्रयोगशाळांचे निकालही नेहमी एका सुरात नसतात. ऑक्सिटोसिन या संप्रेरकाच्या शेपटाकडची तीन अमिनो आम्लं घेऊन बनलेलं एक छोटं पेप्टाइड आहे. १९७६ मध्ये हॉलंडच्या व्हान रे आणि डी विड यांनी लिहिलं की त्यामुळे मॉर्फिनची सवय लवकर लागते. तीनच वर्षांनी अमेरिकेतल्या वॉल्टर, रिट्झमन, भार्गव आणि फ्लेक्सनर यांनी उंदरांवर दाखवलं की ते सवय लागूच देत नाही. मात्रा, वेळ, प्राणी, चाचणी यांत फरक पडला की पेप्टाइडांचे निकाल उलटतात, हे या क्षेत्राचं जुनं दुखणं आहे.

सवय लागण्यात जागेचाही हात असतो, हे कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या शेपर्ड सीगल यांनी १९८२ मध्ये दाखवलं तेव्हा अनेकांना धक्का बसला. उंदरांना एका ठरावीक खोलीत वाढत्या मात्रेने हेरॉइन दिलं. शेवटी सर्वांना मोठी मात्रा टोचली. नेहमीच्या खोलीत टोचलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश मेले. तेवढीच सवय असलेल्या, पण वेगळ्या खोलीत टोचलेल्यांपैकी जवळपास दोन तृतीयांश. ज्यांनी आधी कधीच हेरॉइन घेतलं नव्हतं ते जवळजवळ सगळे. ओळखीच्या खोलीत शिरताच मज्जासंस्था औषध येण्यापूर्वीच प्रतिकाराची तयारी करते. अनोळखी जागी ती बेसावध सापडते. पुढे २००१ मध्ये किम आणि सीगल यांनी या शिकलेल्या प्रतिकारात सीसीकेचा हात असल्याचं उंदरांत दाखवलं. व्यसनमुक्ती केंद्रातून महिनाभराने घरी आलेला माणूस जुन्याच मात्रेने परत सुरुवात करतो आणि दगावतो, त्यात मुख्य कारण सवय ओसरलेली असते हे. जागेची गोष्ट त्यात भर घालते.

माणसांतला पुरावा थोडा आहे, पण लक्षवेधी आहे. अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांना नुसतं खोटं औषध देऊनही काहींचं दुखणं कमी होतं, आणि नॅलॉक्सोन दिलं की तो आराम जातो, हे १९७८ मध्ये लेव्हिन, गॉर्डन आणि फील्ड्स यांनी दाखवलं होतं. म्हणजे विश्वासानेही शरीराची अफू सुटते. इटलीत तुरीनच्या फाब्रित्सिओ बेनेदेत्ती यांनी १९९५ मध्ये शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांना प्रोग्लुमाइड देऊन हा विश्वासाचा आराम वाढवून दाखवला. दोन वर्षांनी त्यांनी उलटही करून पाहिलं: ‘याने दुखणं वाढेल’ असं सांगून दिलेल्या निरुपद्रवी पदार्थाने वाढलेली वेदना प्रोग्लुमाइडने रोखली. धास्तीने दुखणं वाढतं हे आपल्याकडे आजी सांगतच असे. त्यातला एक रेणू आता हाती लागला.

मग सीसीके अडवणारी गोळी मॉर्फिनच्या जोडीने बाजारात का नाही? १९८५ मध्येच डोनाल्ड प्राइस आणि सहकाऱ्यांनी प्रोग्लुमाइडने माणसातही मॉर्फिनचा परिणाम वाढतो असं नोंदवलं होतं. नंतरच्या चाचण्यांत तो फायदा कधी दिसला, कधी नाही. प्रोग्लुमाइड दुबळं औषध आहे. त्याहून नेमके रोधक बनले, पण नेमका रोधक झाला तरी तो मेंदूच्या त्या एवढ्याशा भागातच जाऊन बसेल असं नसतं. सीसीके भूक, पचन आणि भीती अशा सगळीकडे पसरलेलं आहे; त्याचा चार अमिनो आम्लांचा तुकडा शिरेतून दिला तर निरोगी माणसालाही घबराटीचा झटका येऊ शकतो. शिवाय पेप्टाइडं स्वतः औषध म्हणून वापरावीत तर पोटात पचून जातात, रक्तात तुटतात, आणि रक्त-मेंदू अडसर बहुतेकांना आत घेत नाही.

दवाखान्यात मात्र या ज्ञानाचा एक उपयोग आजही होतो, आणि तो गैरसमज दूर करण्याचा आहे. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात अफूची कायदेशीर शेती होते, नीमच आणि गाझीपूरला सरकारी कारखाने आहेत, आणि तरी आपल्याकडे कर्करोगाच्या रुग्णाला मॉर्फिनची गोळी मिळणं दीर्घकाळ अवघड होतं. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याच्या कडक परवान्यांमुळे अनेक रुग्णालयं तिच्या वाटेला जात नसत. २०१४ च्या दुरुस्तीने ‘अत्यावश्यक’ औषधांपुरते नियम देशभर सोपे आणि एकसारखे केले. परवान्याची अडचण कमी झाली तरी घरातली भीती उरते. “आत्ताच मॉर्फिन सुरू केलं, तर पुढे काय देणार?” असं नातेवाईक विचारतात. प्रश्न रास्त आहे, पण त्यामागचं गृहीतक चुकीचं आहे. मॉर्फिनला ठरलेली कमाल मात्रा नाही. कर्करोगात मात्रा वाढवावी लागते ती बहुतेकदा गाठ वाढल्यामुळे. औषध अंगवळणी पडणं हे कारण त्या मानाने मागे असतं. अंगवळणी पडणं म्हणजे व्यसनही नव्हे. मळमळ आणि गुंगी अंगवळणी पडते ते रुग्णाच्या भल्याचंच असतं. बद्धकोष्ठ मात्र सहसा अंगवळणी पडत नाही, म्हणून जाणता डॉक्टर मॉर्फिनच्या चिठ्ठीवर पहिल्याच दिवशी रेचकही लिहितो. एका अफूवर्गीय औषधाचा असर घटला तर दुसऱ्यावर नेणं, चेतातंतूंच्या दुखण्याला वेगळ्या वर्गातलं औषध जोडणं, हेही रोजच्या सरावातलं आहे. मॉर्फिन चेतातंतूंच्या इजेवर कमी पडतं याचं एक कारण स्टॉकहोमच्या संशोधकांना उंदरांत सापडलं: चेतातंतू तुटला की त्याच्या पेशी सीसीके जास्त बनवू लागतात.

नव्या औषधांचा शोध सध्या विरोधकाला दाबण्यापेक्षा त्याला सोबत घेण्याकडे झुकला आहे. माकडांवरच्या प्रयोगांत नॉसिसेप्टिनचा ग्राही चालू केला की वेदना कमी होते, आणि मॉर्फिनसारखी ओढ किंवा श्वास मंदावणं तितकं दिसत नाही. व्यसनमुक्तीसाठी जिभेखाली ठेवायची गोळी म्हणून आपल्याकडे माहीत असलेलं ब्युप्रेनॉर्फिन त्या ग्राहीवर थोडंफार काम करतंच. अफूचा आणि नॉसिसेप्टिनचा अशा दोन्ही ग्राहींवर मुद्दाम बसेल असं सेब्रानोपॅडॉल शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेसाठी माणसांवरच्या मोठ्या चाचण्यांपर्यंत पोहोचलं आहे. त्या चाचण्या थोड्या दिवसांच्या दुखण्यावरच्या आहेत. महिनोन्महिने घेतल्यावर मज्जासंस्था या जोडगोळीलाही तसंच उत्तर देईल का, हे ते तेवढा काळ घेतलेल्या रुग्णांकडूनच कळेल.